खर्जाला शेक

माझा नातू ऊर्जानगरच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. बाकीची वाद्यं थांबली की ती ऐकू येते. दिवाळीच्या दोन महिने आधी तो गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, मले अॅम्प्लिफायर घ्याचा हाये. मोटरसायकलवर नेता आला पायजे, खर्ज भरदार पायजे, आन् आवाज कसा, जुन्या जमान्यातला, गरम गरम पायजे."

गरम म्हणताच मला जे हसू फुटलं ते थांबेना. ठसका लागला असं वाटून सून पाणी घेऊन आली. नातू रागावून पुस्तक उचलायला लागला. त्याला बसवून जी हकिगत सांगितली तीच इथे लिहितो आहे. संपादकांनी खरं तर चाळीस वर्षांच्या धंद्यावर लेख मागितला होता, पण चाळीस वर्षं कोण वाचणार? मी एकच मशीन सांगतो. त्यात माझी फजिती आहे, म्हणजे वाचकांना आवडेल.

आमचं दुकान चांद्याला, परकोटाच्या आत. वडील बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. रस्त्यावरून भजनी मंडळ गेलं की हातातलं काम न थांबवता ते सांगत, पेटीचा कुठला सूर बसला आहे. मी त्यांचा कान थोडाफार घेतला आणि धंदा बदलला. देश नुकताच स्वतंत्र झालेला. सभेला, लग्नाला, उरुसाला, मंडईला, सगळ्यांनाच एकाएकी भोंगा हवा झाला होता. मी रेडिओचं काम शिकलो, एक मशीन, दोन भोंगे आणि मोटारीची एक बॅटरी जमवली आणि दाराला पाटी ठोकली. गावोगावचे लोक मला मिस्त्री म्हणू लागले. पंचविशीच्या पोराला लोक मिस्त्री म्हणू लागले की त्याचं डोकं फिरायला फार वेळ लागत नाही. माझंही फिरलं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माइकमध्ये माणूस बोलतो, मशीन तो आवाज मोठा करतं, आणि तो बाहेर फेकायला एक तोंड लागतं. त्या काळी हे तोंड म्हणजे पत्र्याचा भोंगा. तो आवाज लांब नेतो, पण नेतो तो वरचा. बारीक आवाजाचा माणूस भोंग्यात वाघ होतो. जाड आवाजाच्या माणसाचं मात्र सगळं पोट तो कापून ठेवतो आणि नुसता घसा बाहेर पाठवतो. खर्ज हवा असेल तर कागदी पडद्याचा स्पीकर लागतो आणि तो लाकडी खोक्यात बसवावा लागतो. पण खोका जड, आणि झाडाला टांगता येत नाही. म्हणून लोक भोंगाच मागत आणि मी भोंगाच देत असे.

वैनगंगेपलीकडच्या एका गावात मी असाच दोन भोंगे घेऊन गेलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला जेवायला बोलावतात. दिवाळीनंतर आमच्या झाडीच्या मुलखात गावोगाव मंडई भरते. दिवसभर बाजार, पाहुणेरावळे, आणि मग गावाच्या मंडळाचं नाटक. या मंडळाच्या नाटकात एक दैत्यराजा होता आणि वीस वर्षं तो सोमाजीभाऊ करत होते. सोमाजीभाऊ धानाचे शेतकरी, अंगाने काटकुळे. एवढ्याशा देहात तो आवाज ते ठेवतात कुठे, असा प्रश्न पडावा. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "कोण आहे माझ्या दाराशी?" हे ऐकलं की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरत, असं गावात सांगत.

त्या वर्षी सोमाजीभाऊ माझ्या माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कोण आहे माझ्या दाराशी?" भोंग्यातून बाहेर आली ती बकरी. मागून कोणीतरी उत्तर दिलं, "में!" पुढे राजाच्या प्रत्येक वाक्याला मैदान में में करत होतं. प्रधान झालेले गुलाब मास्तर, गावच्या शाळेतले, शिट्टीसारख्या आवाजाचे. त्यांना मात्र टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी तारा गुंडाळत असताना सोमाजीभाऊ शेजारी येऊन बसले. "मिस्त्रीभाऊ, वीस वर्सं राजा करून राह्यलो. मले कोणी हासलं नोतं."

तारेवरची नजर न उचलता मी म्हणालो, "मशीन त बरोबर हाये भाऊ. तुमचा गळा जुना झाला असंन." माझ्या भोंग्याचा दोष मी त्या माणसाच्या गळ्यावर ढकलला. आजही ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

पुढच्या वर्षी भाताच्या कापणीआधी सोमाजीभाऊ दुकानात हजर. बरोबर त्यांची बायको भागरताबाई, आणि खांद्यावर रिकामी कावड. मंडळाने स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं होतं. मंडळाचे प्रमुख पाटील. त्यांनी निवडीचं काम मुद्दाम सोमाजीभाऊंवर टाकलं होतं, आणि अट घातली होती. या मशीनमधून राजाचा आवाज राजासारखा आला तर ठीक, नाहीतर राजा गुलाब मास्तर.

"कावड कशाले आणली?" मी विचारलं.

"मशीन जोखाले," भागरताबाई म्हणाल्या. "एका बाजूले तुमची बॅटरी, एका बाजूले मशीन. नदीपर्यंत बंडी जाते, मंग डोंगा, मंग चार कोस पाय. कावड एकीकडं झुकली त मानूस काय करंन वो?"

माझ्याकडे तेव्हा तीन मशीनं होती. मी गिऱ्हाइकाला वॅट सांगत असे, कोण बनवतं ते सांगत असे, दिवा किती झोकात लागतो तेही दाखवत असे. या बाईंनी त्यातलं काही ऐकलं नाही. तिन्ही मशीनं एकेक करून कावडीला लावली, सोमाजीभाऊंना दुकानाभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मधलं पसंत केलं. सगळा रस्ता बघायला जमला. पुढे मी कित्येक मशीनं विकली आणि दर वेळी आधी कावडीला लावून पाहिली. हलकं म्हणजे काय, हे नेणाऱ्याच्या खांद्याला विचारावं, हे मी तिथे शिकलो.

एवढं होईतो कोपऱ्यात पेटी उघडून बसलेल्या माझ्या वडलांनी मान वर केली. "भाऊ, जरा बोला बरं," ते सोमाजीभाऊंना म्हणाले. सोमाजीभाऊ आधी लाजले, मग तिथेच उभं राहून राजाचं वाक्य बोलले. फळीवरच्या बरणीतले स्क्रू थरथरले. वडलांनी माझ्याकडे बघितलं. "हा आवाज तू भोंग्यात कोंबला? अन् वर यांचा गळा जुना झाला म्हणाला?" ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती तर. मला गिऱ्हाइकासमोर बोलणी बसली, ती बरोबरच बसली.

मग मी सागवानी फळ्यांचा खोका केला. पुढे कागदी पडद्याचा स्पीकर, मागची फळी चार स्क्रूंनी बंद. सोमाजीभाऊ आठ दिवसांनी येऊन तो डोक्यावर घेऊन गेले. मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका, नारळ मीच येऊन फोडतो, असं मी बजावलं. मिस्त्री ना मी!

ठरल्या दिवशी दुपारी गावात पोचलो. शाळेच्या पटांगणात मंडळ जमलं होतं. पाटील खुर्चीवर, गुलाब मास्तर शेजारी, घसा साफ करत. मी नारळ फोडला आणि जोडणी तपासायला खोक्याची मागची फळी उघडली. आत तणस! धानाचा वाळका पेंढा, कोंबडीला अंड्यांवर बसवतात तसा चारी बाजूंनी नीट रचलेला.

"हे काय हो? इथी कोंबडी बसवाची होती का?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. पटांगण हसलं.

भागरताबाई बायांमध्ये बसल्या होत्या. "मीच भरलो," त्या म्हणाल्या. "तो कागद नाजूक हाये ना. मडके नेतो आमी, त मधात तणस घालतो. डोंग्यात हादरे बसतेत. कागदाले लागू नाई देलो, बाजूबाजूनं भरलो."

"बाई, हे मडकं नाई, स्पीकर हाये," असं म्हणून मी मूठमूठ तणस उपसून बाहेर फेकलं, फळी लावली, मशीन सुरू केलं. सोमाजीभाऊ माइकसमोर आले.

"कोण आहे माझ्या दाराशी?"

बकरी नव्हती, हे खरं. पण रिकाम्या हौदात रेडा हंबरावा तसा आवाज. शब्द एकही कळेना, नुसतं घूं घूं घूं. मी बटणं फिरवली, खोका वळवला, माइक मागे घेतला. घूं घूं. पाटलांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठून माइककडे यायला निघालेच. सोमाजीभाऊंचा चेहरा बघवत नव्हता.

भागरताबाई उठल्या, खोक्याजवळ आल्या आणि बोटाच्या पेरांनी त्यावर टकटक केलं. "रिकामं हाये म्हणून घुमून राह्यलं वो. आमची धानाची ढोली रिकामी असली का अशीच घुमते. भरली का चूप. तणस घालून पाहा ना."

मी म्हणालो, "असं नसते बाई." पण हात रिकामे होते आणि दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांनी स्वतःच तणस गोळा केलं, माती झटकली आणि आधीसारखं रचलं. मी फळी लावली.

सोमाजीभाऊ पुन्हा बोलले. तोच आवाज, दुकानातला, स्क्रू हलवणारा. शब्द न् शब्द सुटा, आणि खाली तो भरलेला खर्ज. मास्तर चालता चालता थांबले.

पाटलांनी विचारलं, "मिस्त्री, हे कसं झालं?"

आता इथे मी सरळ सांगायला हवं होतं. बाईंनी तणस भरलं, त्याने खोक्याचं घुमणं मेलं, त्यात गूढ काही नाही. पण नुकताच मी त्याच तणसावर सगळ्या गावाला हसवलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "यात बल्ब असतेत पाटील. ते तापले नोते. बल्ब तापले का आवाज खुलते."

हे अगदीच खोटं नाही. त्या मशीनमधले व्हॉल्व्ह, ज्यांना सगळे बल्ब म्हणत, ते तापायला अर्धा मिनिट लागतो. पण ते कधीच तापून लाल झाले होते. भागरताबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदरावरचं तणस झटकून परत बायांमध्ये जाऊन बसल्या. राजा सोमाजीभाऊच राहणार असं पाटलांनी जाहीर केलं. मी जेवून, मान मिरवून घरी आलो.

पंधरा दिवसांनी, मंडईला दोनच दिवस उरले असताना, सोमाजीभाऊ आणि भागरताबाई कावड घेऊन दुकानासमोर. मशीनवर घोंगडी गुंडाळलेली. ती काढली तर आतून मेण गळून पत्र्यावर थिजलेलं, जळका वास आणि आवाज ठार बंद.

"काय केलं हे?"

"तुमी सांगतलं तेच," सोमाजीभाऊ म्हणाले. "तापवलं."

हळूहळू सगळं कळलं. मिस्त्रीने सांगितलं, बल्ब तापले की आवाज खुलतो. मग रोज तालमीआधी मशीन तापवायचं असं मंडळाने ठरवलं. आधी उन्हात ठेवत. मग आभाळ आलं. तेव्हा गावाने बाळंतिणीला शेक देतात तसा मशीनला शेक दिला. बाजेवर निजवलं, वर घोंगडी, बाजेखाली निखाऱ्यांची घमेली. पाटील स्वतः निखारे पाहून घेत, कमी झाले तर ओरडत. रोज एक तास. मेणाचे कंडेन्सर ते, किती दिवस सोसणार?

मी पोट धरून हसणार होतो, पण सोमाजीभाऊ म्हणाले, "पाटील म्हणते, हे मशीन नाजूक हाये. नाई सुधरलं त दोन भोंगे आना, आन् राजा मास्तरले द्या." माझं हसू जागीच विरलं.

दुपारपर्यंत मी कंडेन्सर बदलले, मशीन बोलू लागलं. सोमाजीभाऊ बाहेर बैलांना पाणी पाजायला गेले तेव्हा भागरताबाईंनी विचारलं, "मिस्त्रीभाऊ, एक गोष्ट पुसू? त्या दिवशी आवाज बल्बानं आला का तणसानं?"

कोपऱ्यात वडलांची पेटी थांबली.

"तणसानं," मी म्हणालो.

"मले मालूम होतं. मी त्यायले सांगतलो, मशिनीले शेक नोको देऊ, त्याच्यात काई नाई. पाटील म्हणे, तू मिस्त्रीपेक्षा शायनी काय? हा बी म्हणे, चूप राह्य." 'हा' म्हणजे सोमाजीभाऊ. "आता तुमी येऊन सांगा. मी सांगतलो त कोणी आयकत नाई."

रागावून बोलल्या असत्या तर मी काहीतरी वाद घातला असता. त्या नुसत्या थकून बोलल्या. माझी एक थाप बाईंच्या खऱ्या शब्दापेक्षा मोठी ठरली होती, आणि तिच्यापायी त्यांच्या नवऱ्याचा राजा जात होता. दुसरीकडे चाळीस गावांत माझं नाव होतं, आणि मंडईच्या दिवसांत असली बातमी माझ्याआधी पुढच्या गावात पोचते. मी वडलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हत्याराची पिशवी घे, बंडीत बस." मी बसलो.

रात्रभर वाट तुडवून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पटांगणात मंडळासमोर उभा राहून मी सांगितलं. बल्बांची गोष्ट खोटी, आवाज तणसाने आला, तणस भागरताबाईंचं. मशीन नाजूक नाही, कुठल्याही मशीनला बाजेवर घालून शेक दिला तर ते मरेल. बोलताना माझे कान लाल झाले होते.

पाटील खुर्चीतून पुढे सरकले. मग म्हणाले, "मिस्त्री, पंधरा दिवस आमी याचं बाळंतपण केलं ना गा! माझ्या घरची घोंगडी जळाली!" पटांगण हसून हसून लोळलं. पण हसणं ओसरल्यावर पाटलांनी मान हलवली. "मले वाटते सोमाजीनं तुले पढवून आनलं. शेक देला का आवाज गोड होये, मी सोता आयकलो."

इतका पक्का बसला होता माझा शब्द! मग मी थंड मशीन मांडलं, खोका उघडला, तणस काढून दाखवलं. घूं घूं. मग बाजूला झालो आणि म्हणालो, "बाई, तुमी भरा."

भागरताबाई पुढे आल्या. सगळा गाव बघत होता. त्यांनी एकेक मूठ तणस घेतलं, कुसं वेचली, कोपऱ्यांत दाबलं, पडद्याजवळ मोकळं ठेवलं. फळी मी लावली. सोमाजीभाऊंनी माइक हातात घेतला. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग पाटलांकडे वळून खालच्या सुरात, सावकाश विचारलं, "कोण आहे माझ्या दाराशी?"

पाटील खुर्चीवरून उठले. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. हात जोडले गेले आणि तोंडून निघालं, "मीच आहो महाराज."

पटांगणात कोणी बकरी झालं नाही. गुलाब मास्तरांनीच पहिली टाळी वाजवली, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. सोमाजीभाऊ पुढे बरीच वर्षं राजा राहिले. मशीन नेताना कावडीच्या पुढे स्वतः पाटील चालत आणि वाटेत भेटेल त्याला बजावत, "याले शेक नोको देजा."

इथे मी थांबलो असतो तर तुम्ही मला बरा माणूस समजला असता. पण त्या गावात खरं बोललो म्हणून मी सगळीकडे खरं बोललो असं नाही. तणस भरलेले खोके मी पुढे कितीतरी विकले, पार कोरपन्यापर्यंत. लोक विचारत, मिस्त्री, तुमच्याच खोक्यात खर्ज असा कसा येतो? मी मिशीतल्या मिशीत हसे. खोक्याच्या पुढच्या बाजूला माझ्या दुकानाची पट्टी. मागच्या फळीच्या आतल्या अंगाला मात्र मी शिसपेन्सिलीने भागरताबाईंचं नाव लिहीत असे, जिथे कोणी बघणार नाही अशा जागी. एवढ्यावर मी माझ्या मनाची समजूत घातली.

भागरताबाईंना हे कळलं असावं. मंडईच्या हंगामात त्यांच्या शेतातली तणसाची एक पेंढी बंडीतून दुकानात यायची. बरोबर निरोप, "बाजारचं तणस ओलं असते, मिस्त्रीभाऊले सांगजा." त्या असेपर्यंत येत होती.

नातवाने शेवटी त्याचा अॅम्प्लिफायर आणला. मी पाना मागवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत मागची फळी उघडली. तो ओरडत होता, दादा, नवा हाये! आत कारखान्याने पांढरा, मऊ कापूस भरला होता, चारी बाजूंनी, कोंबडीला अंड्यांवर बसवतात तसा, पडद्याजवळ मोकळा. मी बराच वेळ तो हाताने चाचपत राहिलो. डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

"शिसपेन्सिल आन," मी नातवाला म्हणालो. तो घेऊन आला आणि फळीची आतली बाजू माझ्यापुढे धरली. मी फळी उलटी केली आणि बाहेरच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल असं, ठळक अक्षरात लिहिलं: खर्ज, भागरताबाईंचा.